तिसरी हाक

सावरबोडी जिवंत झाल्याची बातमी चिचगावात आली ती कानावाटे. बोडी म्हणजे भंडाऱ्याकडचा, पाळ घालून अडवलेला लहान तलाव. ही बोडी कित्येक वर्षं मेल्यात जमा होती. पाणी आटून गाळ उरला होता, गाळात बेशरमीच्या झुडपांचं रान माजलं होतं, आणि त्या रानात गावाने इमानेइतबारे आपला कचरा नेऊन टाकला होता. मग एका हिवाळ्यात लोकांना पहाटे अंथरुणातच टिबुकल्यांची किलबिल, अडईच्या शिट्ट्या आणि त्या सगळ्यांवर चढत जाणारा सारसांचा आवाज ऐकू यायला लागला. म्हातारी माणसं अंगणात येऊन उभी राहिली. सारस या भागातून नाहीसे झाल्याला एक पिढी उलटली होती. ज्यांनी तो आवाज लहानपणी ऐकला होता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ज्यांनी ऐकला नव्हता त्यांनी मोबाइल बाहेर काढले.

जवळ जाऊन पाहायची सोय मात्र नव्हती. बोडीला कंपनीचं कुंपण होतं, आणि कुंपणाला लागून 'सारस सरोवर' नावाच्या वसाहतीच्या इमारती रंगवून तयार उभ्या होत्या.

जोडपरवानगीचा कायदा त्या वर्षांत नवाच होता. ज्याला घरं बांधायची त्याने शेजारी तेवढाच मेलेला निसर्ग उभा करून द्यायचा, आणि तो खरंच उभा राहिला की नाही हे राजधानीतल्या साहेबाने नव्हे, गावच्या जैवविविधता समितीने जागेवर येऊन ठरवायचं. समितीचा दाखला मिळाला की घरांच्या किल्ल्या वाटायच्या आणि तलाव गावच्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेच्या ताब्यात जायचा. पिढ्यानपिढ्या या तलावांत मासे धरून जगलेले ढिवर दाखल्याकडे डोळे लावून बसले होते, आणि घरं बुक केलेले लोकही. सावरबोडीसाठी अट एकच होती. सारसाची एक जोडी तिथे वर्षभर नांदली पाहिजे. उथळ पाणी, देवधान म्हणजे पाण्यात उगवणारा रानभात, गोगलगायी, माणसाचा कमी त्रास, हे सगळं जुळून आल्याशिवाय सारस राहत नाही, म्हणून कोणा शहाण्याने ही अट घातली होती. सारसाला फसवता येत नाही, असं त्याला वाटलं असणार.

समितीच्या अध्यक्ष होत्या विमल नान्हे. ढिवरपुऱ्यातून एम.एस्सी. झालेल्या त्या पहिल्या. ज्युनिअर कॉलेजात उभा जन्म प्राणिशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या आणि समितीच्या कामाला लागल्या. गाव त्यांना विमलबाई म्हणायचं. त्यांचा धाकटा भाऊ हिरामण मच्छीमार संस्थेचा सचिव होता आणि कंपनीने त्यालाच बोडीचा राखणदार नेमलं होतं. बहीण तपासणार आणि भाऊ राखणार, यावर गावात थोडी कुजबुज झाली. पण बाईंना ओळखणाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली.

शेवटच्या पाहणीची सकाळ धुक्याची होती. समितीची चारपाच माणसं पाळीवर जमली. बरोबर कंपनीची इंजिनिअर केतकी सरपोतदार होती. पुण्याची, हुशार, जेमतेम तिशीची मुलगी. हिरामण आपल्या डोंग्यात, म्हणजे एका खोडातून कोरलेल्या होडीत, कमळांच्या बाजूला काहीतरी साफ करत होता.

"हिराऽऽ," बाईंनी हाक मारली. तो हललाही नाही. "हिराऽऽ." पुन्हा तेच. तिसऱ्या हाकेला त्याने मान वर केली आणि "ओ" दिली.

"बहिरा झाला का हा?" समितीतले एक गुरुजी म्हणाले, आणि ढिवरपुऱ्यातली मंडळी हसली.

ढिवरपुऱ्यात पाण्यावरच्या माणसाला हाक मारायची तर ती तीनदाच मारतात. पहिल्या दोन हाकांना कोणी ओ देत नाही. का, तर मेलेलं माणूसही संध्याकाळचं पाण्यावरून आपल्या माणसाला बोलावतं म्हणे. पण त्याला दोनदाच हाक मारण्याइतका दम असतो. तिसरी हाक जिवंत छातीतूनच निघते. एम.एस्सी. झाल्यावर विमलबाईंनी ही समजूत वर्गात अंधश्रद्धेचं उदाहरण म्हणून सांगितली होती, आणि त्याच संध्याकाळी बापाला तलावावरून जेवायला बोलावताना तीनदा हाक मारली होती.

हिरामण पाळीवर आला. दाढी केलेली, केसांना तेल, सदरा धुतलेला. त्याची बायको सेवंता मेंदूत चढलेल्या मलेरियाने गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. पहिलं वर्षभर त्याने अंगावरचे कपडेसुद्धा कोणी सांगितल्याशिवाय बदलले नव्हते. रडला तर नव्हताच, चितेपाशीही नाही. गेले काही महिने तो माणसात आला होता. तलावानेच त्याला उभं केलं, असं बाईंना वाटायचं, आणि त्याबद्दल त्या मनातल्या मनात कंपनीच्या ऋणात होत्या.

तेवढ्यात धुक्यातून ती हाक उठली. नराची एक लांब, तुतारीसारखी हाक, आणि तिच्या पाठीला पाठ लावून मादीचं तुटक तुटक उत्तर. दोन गळे एकमेकांत इतके गुंतले की कोणता कुठे संपला ते कळेना. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले.

"झालं बाई," ते म्हणाले. "द्या दाखला."

बाई पाळीच्या कडेपर्यंत पुढे गेल्या. धुकं विरळ होत होतं. उथळ पाण्यात एक सारस उभा होता. मान आभाळाकडे ताणून, पंख उचलून त्याने पुन्हा हाक दिली, आणि बोरूच्या बेटामागून पुन्हा उत्तर आलं. हाक संपली तसा तो बोरूकडे चालत गेला, आत वाकून पाहिलं, थोडा वेळ थांबला आणि परत आपल्या जागेवर आला. सारसाची जोडी हाक देते तेव्हा खांद्याला खांदा लावून उभी असते. हा पक्षी उभा राहिला तो शेजारी एका पक्ष्यापुरती जागा सोडून. हे पाहिलं आणि विमलबाईंनी बोरूच्या बेटावर नजर रोखली.

"दुसरा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"घरट्यावर बसली असेल," कोणीतरी म्हणालं.

"पौषात? सारस पावसाळ्यात घरटं करतो." त्यांनी केतकीकडे पाहिलं. केतकी पाण्याकडे पाहत होती.

"सही कर ना बाई," हिरामण हळूच म्हणाला. "काय पाहून रायली आता? लोकं वाट पाहून रायले."

"उद्या करू," बाई म्हणाल्या.

दुपारी त्या एकट्याच केतकीच्या कार्यालयात गेल्या. इमारतींच्या पायथ्याशी एक पत्र्याची खोली होती. भिंतीवर तलावाचा मोठा नकाशा आणि त्यावर लुकलुकणारे ठिपके. केतकीने चहा मागवला आणि न विचारताच बोलायला लागली. बरेच दिवस कोणी विचारण्याची वाट पाहत असल्यासारखी.

"पक्षी जागा डोळ्यांनी निवडतात असं आपल्याला वाटतं. पण ते आधी ऐकतात. वरून जाताना खालून आपल्यासारख्यांचे आवाज आले, तर इथे खायला आहे, धोका नाही, असं समजून उतरतात. आपण नाही का, रिकाम्या खाणावळीत पाय टाकत नाही? मेलेल्या तलावाची अडचण तीच असते. पाणी भरलं, झाडं लावली, तरी तो मुका असतो, म्हणून कोणी येत नाही, आणि कोणी येत नाही म्हणून तो मुका राहतो. ही गाठ सोडवायला आम्ही 'साद' बसवली."

साद म्हणजे काय, तर पाळीवर, पाण्यात, बोरूत पेरलेले शेकडो बारीक कान आणि तितकीच तोंडं. सुरुवातीला दीड वर्ष तिने फक्त ऐकलं. कोण येतं, कोण जातं, कोण कोणाशी बोलतं. मग ती बोलायला लागली. एक आवाज काढायचा, आलेला जीव थांबतो का पाहायचं. थांबला तर तोच आवाज पुन्हा, नाही थांबला तर वेगळा. तिला पक्ष्यांची भाषा कोणी शिकवली नव्हती आणि त्याची गरजही नव्हती. ती फक्त जमेल तो आवाज धरून ठेवत होती. लहान मूल रडून पाहतं, हसून पाहतं, आणि आई ज्याने वळते ते लक्षात ठेवतं, तितकं साधं.

"तिला सांगितलंय एवढंच," केतकी म्हणाली, "की जीव आला पाहिजे आणि आलेला टिकला पाहिजे."

"आणि हा सारस?"

केतकीने कप खाली ठेवला. "पहिल्या हिवाळ्यात एक जोडी आली होती. ऐकण्याच्या काळात. त्यातली मादी विजेच्या तारांना लागून मेली, कुंपणाच्या पलीकडे. नर निघून गेला. पुढच्या वर्षी तो वरून जात होता. सादने बरेच आवाज करून पाहिले. इतर सारसांचे, बाहेरून आणलेले. तो घिरट्या घालायचा आणि जायचा. मग एक दिवस तिने..." ती थांबली. "तिच्याकडे त्या मादीचा आवाज होता ना. तो उतरला. त्यानंतर गेलाच नाही."

बाईंची नजर भिंतीवरच्या लुकलुकणाऱ्या ठिपक्यांवर गेली.

"मध्ये एक खरी मादी आली होती," केतकी खालच्या आवाजात म्हणाली. "त्याने तिला हाकलून लावलं."

"म्हणजे तुम्ही त्याला बांधून ठेवलंय."

"बांधलेलं नाही बाई. तो उडू शकतो."

"तेच म्हणते मी."

केतकीचे डोळे भरून आले. वाईट मुलगी नव्हती ती. कामाच्या भरात आपण काय करून बसलो हे तिला कळलं होतं आणि सांगायला कोणी मिळालं नव्हतं. "बाकी सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पाणी खरं आहे. देवधान तुमच्या बायकांनी लावलं, ते रुजलंय. कमळपक्षी खरे आहेत. फक्त तो..."

"तोच तर अटीत आहे," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

संध्याकाळी त्या हिरामणला समजावायला निघाल्या. सकाळी सही होणार नाही हे त्याला समितीपुढे कळण्यापेक्षा घरच्या माणसाकडून कळलेलं बरं, असा त्यांचा हिशोब होता. पाळीवरच्या राखणीच्या खोपीत तो नव्हता. सूर्य बुडाला होता, पाण्यावर अजून उजेड रेंगाळत होता. हिरामण डोंग्यात बसला होता, कमळांच्या मधोमध, हात मांडीवर ठेवून. काम काही करत नव्हता. देवळात बसतात तसा बसला होता.

बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्यांच्याआधी दुसरं कोणी बोललं.

"अजीऽऽ."

बोरूच्या बेटामागून आली ती हाक. हिरामण हलला नाही.

"अजीऽऽ."

शेवटचा स्वर किंचित फाटायचा सेवंताचा, लहानपणी गळ्याला झालेल्या आजाराने. तो तसाच फाटला.

"अजीऽऽ."

"ओ!" हिरामण म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की बाईंना तिकडे पाहवेना.

"घरी या नाऽऽ. अंधार पडून रायला."

"येतो, येतो. थांब जराशीक." त्याने वल्हं उचललं आणि डोंगा बोरूकडे नेला. घराची वाट उलट्या अंगाला होती. बेटाजवळ जाऊन त्याने आत वाकून पाहिलं, थोडा वेळ थांबला आणि परत आपल्या जागेवर आला.

सकाळी पाहिलेलं दृश्य बाईंनी पुन्हा एकदा पाहिलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना राग आला नाही, भीतीही वाटली नाही. तो आवाज पुन्हा यावा, एवढंच वाटलं. सेवंता या घरात आली तेव्हा नणंद-भावजयीत जे व्हायचं ते काही झालं नव्हतं. दर रविवारी ती बाईंच्या डोक्याला तेल चोळायची आणि कॉलेजातल्या पोरापोरींच्या चौकश्या करायची. बोडीतली बेशरम उपटायला बायकांची फळी उभी केली ती तिनेच. आणि ते काम चाललेलं दीड वर्ष रोज संध्याकाळी पाळीवर उभी राहून ती नवऱ्याला हाक मारायची. शेकडो कान तेव्हा ऐकत होते. जीव आला पाहिजे, आलेला टिकला पाहिजे, एवढंच त्या यंत्राला माहीत होतं. माणूस हा जीव नाही, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

डोंगा पाळीला लागला तेव्हा हिरामणला बहीण दिसली. तो दचकला, मग डोंग्यातून उतरला.

"कवापासून?" बाईंनी विचारलं.

"दसऱ्यापासून." मग चटकन म्हणाला, "मी काही खुळा नाही बाई. मले मालूम हाय तो डब्बा हाय. दर हप्त्याले मीच तं पुसतो त्याले."

"मंग ओ काहून देतो?"

हिरामण पाळीवर बसला. बराच वेळ हाताची बोटं मोडत राहिला.

"आयक," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी एक डाव आली हाक. मी नाही हाललो. म्हटलं, तिचा जीव अटकला असंन इथं. दुसऱ्या दिवशी दोन डाव आली. माह्या अंगाले घाम सुटला, पन मी बसून रायलो. बाबानं शिकवलं तसा. मंग एका दिवशी तिसरी आली, बाई." त्याने बहिणीकडे पाहिलं. "तूच सांग. मेलेलं मानूस तीन डाव बोलावते का?"

विमलबाईंना एकदम उलगडलं. एकदा हाक मारून पाहिली, जीव हलला नाही. दोनदा मारून पाहिली. मग तीनदा मारली, आणि जीव उठून उभा राहिला. दुपारी केतकीने सांगितलं होतं ते अक्षरशः हेच. बापाने पाण्याच्या कडेला बसून लेकरांना जे कुलूप घालून दिलं होतं, ते त्या यंत्राने चाचपडत चाचपडत उघडलं होतं.

"हिरा, तिले कोनी सांगतलं तीन डाव बोलवाचं? तूच सांगतलं रे. तू उठला, अन् त्या डब्ब्याले समजलं."

"सेवंता तीन डावच बोलवायची."

"सेवंता गेली."

"मंग जाऊ दे ना!" तो एकदम ओरडला. बोरूतून काहीतरी फडफडलं. "तुले काय करा लागते? तलाव भेटते, संस्था चालते, लोकायले घरं भेटते. एक सही कर. कोनाचं काय जाते?"

बाईंनी पाण्याकडे पाहिलं. अंधुक उजेडात तो सारस आपल्या जागेवर उभा होता, शेजारची जागा सोडून.

"त्याचं जाते," त्या म्हणाल्या. "अन् तुहं."

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. खचाखच भरलं होतं. एका बाजूला घरं बुक केलेले लोक, दुसऱ्या बाजूला संस्थेचे ढिवर, आणि मधल्या खुर्च्यांवर कंपनीची कोट घातलेली माणसं. विमलबाईंनी उभं राहून सांगितलं की तलावात जोडी नाही, एकटा नर आहे आणि मेलेल्या मादीचा आवाज ऐकवून त्याला थांबवून ठेवलं आहे. तेव्हा साद बंद करून तलाव महिनाभर मुका ठेवावा. जे आपखुशीने राहील तेच मोजावं. भावाबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत.

गदारोळ झाला. कोटवाल्यांपैकी एक जण म्हणाला की अटीत 'वास्तव्य' लिहिलं आहे, कारण लिहिलेलं नाही. केतकीला खुलासा करायला उभं केलं. ती म्हणाली, "बाई सांगतात ते बरोबर आहे," आणि खाली बसली. तिची नोकरी त्या वाक्यात गेली, हे नंतर कळलं.

मग हिरामण उठला. संस्थेचा सचिव म्हणून बोलायचा त्याला हक्क होता.

"अध्यक्ष बाई ढिवरपुऱ्यातच जन्मल्या," तो म्हणाला. त्याने बहिणीला 'अध्यक्ष बाई' म्हटलेलं ऐकून पुढच्या रांगेतल्या बायका चमकल्या. "आता त्यायले पेन्शन हाय. त्यायले तलाव नसला तरी चालते. आमाले नाही चालत." पुढे त्याचा आवाज फुटला. तो काहीतरी वेगळं बोलणार होता, ते त्याने गिळलं आणि बाहेर निघून गेला.

मत झालं. बाईंचा ठराव एका मताने निभावला, आणि ते मत त्यांचं स्वतःचं होतं.

साद बंद करायचं बटण समितीच्या समक्ष दाबायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी हिरामण पाळीवर काय बोलला, कोणाशी बोलला, हे कोणालाच ठाऊक नाही. बाईंनी मुद्दाम घराची दारं लावून घेतली होती. सकाळी केतकीने बटण दाबलं. काहीच झालं नाही असं वाटलं, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की बोडीवर केवढी शांतता आहे. इतके दिवस जो तलाव बोलतो असं वाटत होतं त्यातला खरा आवाज ओंजळभर निघाला. दोनचार कमळपक्षी, एक टिबुकली, वारा.

सारसाने मान ताणून हाक दिली. ती संपते तिथे उत्तरासाठी त्याने नेहमीची जागा सोडली. ती जागा तशीच राहिली. पुन्हा हाक दिली. बोरूकडे गेला, वाकून पाहिलं, परत आला. दिवसभर हेच. दुसऱ्या दिवशीही. गावात लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. अर्धी हाक ऐकवत नव्हती. वसाहतीतल्या नमुना घरात राहणारा पहारेकरी दोन दिवसांत राजीनामा देऊन गेला. विमलबाई मात्र रोज जाऊन पाळीवर बसायच्या. आपण केलंय ते निदान ऐकावं तरी, असं त्यांना वाटायचं. हिरामणही तिथेच असायचा, पाळीच्या दुसऱ्या टोकाला. भावाबहिणीत तलावाची सगळी लांबी असायची आणि त्याने एकदाही इकडे मान वळवली नाही.

एका सकाळी सारसाने हाक दिलीच नाही. कितीतरी वेळ तो पाण्यात नुसता उभा राहिला. मग दोन पावलं बाजूला सरकला, जी जागा इतके दिवस सोडली होती तिच्यात येऊन उभा राहिला, आणि तिथूनच उडाला. पूर्वेला, नदीच्या दिशेने. बाईंनी पाहिलं, हिरामण उठून उभा राहिला होता आणि पक्षी ठिपका होऊन दिसेनासा झाला तरी तसाच उभा होता.

दाखला नाकारला गेला. कंपनी कोर्टात गेली, किल्ल्या अडकल्या, कुंपणाचं कुलूप तसंच राहिलं. बाजारात भाजीवाली बाईंना भाजी द्यायची, पण बोलायची नाही. ढिवरपुऱ्यात त्यांच्या दारावरून जाणारे लोक पलीकडच्या बाजूने जायला लागले. शेवटी कंपनीने सादचं सामान उपटून ट्रकमध्ये भरलं. तारांची वेटोळी, काळे डबे, सगळं. बाई ते जातीने उभं राहून बघत होत्या. एकही डबा मागे राहिला नाही ना, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. हिरामणची राखणदारी गेली. तो कुठे जेवतो, कोण घालतं, हे त्यांना इतरांकडून कळायचं.

होळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी अंगणाचं फाटक वाजलं. हिरामण आत आला आणि लहानपणी बसायचा तसा पायरीवर बसला. दाढी वाढली होती. बाईंनी काही न विचारता चहा केला, कप त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसल्या. त्याने दोन घोट घेतले.

"बाई," तो म्हणाला, "काल हाक आली."

बाईंनी डबे मोजून ट्रकमध्ये चढताना पाहिले होते. मन असं करतं, सवयीचा कान असं ऐकवतो, हे सगळं सांगायला त्यांच्याकडे शब्द होते. वर्षानुवर्षं त्यांनी ते शिकवलं होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"किती डाव?"

हिरामणने कप पायरीवर ठेवला.

"दोन."

"मंग?"

"मंग काय. थांबलो. दातावर दात ठेवून थांबलो." त्याने बोडीच्या दिशेला हात केला. "तिसरी नाही आली, बाई. आलीच नाही."

आणि चितेपाशी न रडलेला तो माणूस बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. सेवंता मेली हे त्याला त्या संध्याकाळी कळलं. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अंधार पडत आला. बोडीच्या अंगाने वारा आला, आणि विमलबाईंच्या लक्षात आलं की आपणही श्वास रोखून ऐकत आहोत. हाक येऊ नये म्हणून, की यावी म्हणून, हे मात्र त्यांना कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.